मैदान कुणाचं? हवानाच्या बेसबॉल स्टेडियमची गोष्ट



'खेळात राजकारण आणू नका' हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. सामना रद्द झाला, खेळाडूला बंदी झाली, कुणी हस्तांदोलन केलं नाही, की हे वाक्य कुठून ना कुठून येतंच. मीही ते अनेकदा म्हटलेलं आहे. आज मी तुम्हाला अशा एका स्टेडियमची गोष्ट सांगणार आहे, जिथे हे वाक्य म्हणायला जागाच उरत नाही. तिथे खेळ आणि राजकारण पहिल्या दिवसापासून एकाच बाकावर बसलेले आहेत.

हे स्टेडियम आहे क्युबाच्या राजधानीत, हवानात. आजचं त्याचं नाव 'एस्तादियो लातिनोअमेरिकानो', म्हणजे लॅटिन अमेरिकन स्टेडियम. हवानातले लोक लाडानं 'एल लातिनो' म्हणतात. ते सेर्रो नावाच्या वस्तीत आहे, म्हणून 'सेर्रोचा महाकाय' असंही त्याला म्हणतात.

क्युबात बेसबॉल आला कसा?

आपल्याकडे क्रिकेट इंग्रजांनी आणलं आणि मग आपण ते आपलंसं केलं. क्युबात थोडं वेगळं घडलं. क्युबावर राज्य होतं स्पेनचं, आणि बेसबॉल हा खेळ अमेरिकेचा. १८६०च्या दशकात अमेरिकेत शिकून परत आलेल्या क्युबन तरुणांनी बॅट आणि चेंडू सोबत आणले. स्पॅनिश राज्यकर्त्यांचा आवडता खेळ बैलांच्या झुंजीचा. त्यामुळे बेसबॉल खेळणं म्हणजे 'आम्ही स्पॅनिश नाही, आम्ही क्युबन आहोत' असं सांगण्याचा एक मार्ग झाला. राज्यकर्त्यांचा खेळ नाकारून शेजाऱ्याचा खेळ घेतला आणि त्यालाच राष्ट्रीय खेळ केलं. हे लक्षात ठेवा, कारण पुढे तो शेजारीच शत्रू होणार आहे, आणि खेळ मात्र तोच राहणार आहे.

ज्यांना बेसबॉल माहीत नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं. चेंडू टाकणाऱ्याला पिचर म्हणतात आणि तो टप्पा न पाडता थेट फलंदाजाकडे चेंडू फेकतो. दोन्ही संघांना नऊ-नऊ छोटे डाव मिळतात, आणि बरोबरी झाली तर निकाल लागेपर्यंत जादा डाव चालतात. आजच्या गोष्टीसाठी एवढं पुरे.

१९४६: एका व्यावसायिकाचं स्वप्न

स्टेडियम उघडलं २६ ऑक्टोबर १९४६ला. तेव्हा त्याचं नाव होतं 'ग्रान स्टेडियम', मोठं स्टेडियम. ते उभारणाऱ्यांत प्रमुख होता बॉबी मादुरो हा धनिक क्युबन व्यावसायिक. सुमारे ३५ हजार प्रेक्षक बसतील अशी सोय, आणि रात्रीच्या सामन्यांसाठी दिवे. पहिल्या सामन्यात अल्मेन्दारेस संघानं सिएनफुएगोस संघाला ९-१ असं हरवलं.

तेव्हा क्युबाच्या व्यावसायिक हिवाळी लीगमध्ये चार संघ होते. हवाना लाल रंगाचा, अल्मेन्दारेस निळ्या रंगाचा, सिएनफुएगोस हिरवा आणि मारियानाओ नारिंगी. खरं वैर लाल आणि निळ्याचं. घराघरांत वाटण्या झालेल्या असत. पहिल्याच मोसमाचा शेवट या दोघांच्या लढतीनं झाला. अमेरिकन पिचर मॅक्स लेनियरनं पुरेशी विश्रांती नसतानाही चेंडू टाकले आणि फेब्रुवारी १९४७मध्ये अल्मेन्दारेसनं विजेतेपद घेतलं.

हा लेनियर तिथे कसा आला, यातही एक भांडण दडलेलं आहे. १९४६ साली मेक्सिकोच्या लीगनं जास्त पैसे देऊन अमेरिकेचे अनेक खेळाडू पळवले होते. चिडलेल्या अमेरिकन बेसबॉलनं त्या खेळाडूंवर पाच वर्षांची बंदी घातली. लेनियर त्यांच्यापैकीच एक. हवानातल्या या नव्या स्टेडियमनं अशा बंदी घातलेल्या खेळाडूंना मैदान दिलं. पण ही बंडखोरी फार टिकली नाही. १९४७मध्येच क्युबन लीगनं अमेरिकन बेसबॉलशी करार केला आणि त्यांचे नियम मान्य केले. कुणाला खेळू द्यायचं हे ठरवण्याची ताकद कुणाकडे आहे, ते तेव्हाच दिसलं.

जॅकी रॉबिन्सन आणि वेगळं हॉटेल

त्याच १९४७च्या वसंतात ब्रुकलिन डॉजर्स हा अमेरिकन संघ मोसमाआधीच्या सरावासाठी हवानाला आला. सोबत त्यांचा दुय्यम संघ माँट्रियल रॉयल्सही होता, आणि त्या संघात होता जॅकी रॉबिन्सन. अमेरिकेच्या मुख्य लीगमध्ये तेव्हा काळ्या खेळाडूंना प्रवेश नव्हता. रॉबिन्सन ती भिंत पाडणार होता. नेहमीचा सराव फ्लोरिडात होत असे, पण तिथे वर्णभेदाचे कायदे कडक होते. म्हणून डॉजर्सचे सूत्रधार ब्रँच रिकी यांनी हवाना निवडलं.

निवड योग्य होती. क्युबाच्या व्यावसायिक लीगमध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून काळे आणि गोरे खेळाडू एकत्र खेळत होते. मार्तिन दिहिगो या काळ्या क्युबन खेळाडूला तिथे देवासारखा मान होता. अमेरिकेत मात्र त्याला मुख्य लीगमध्ये एकही सामना खेळायला मिळाला नाही.

पण पुढचं ऐका. डॉजर्स उतरले हवानातल्या सर्वांत आलिशान हॉटेलात. रॉयल्सचे गोरे खेळाडू एका लष्करी शाळेच्या आवारात. आणि रॉबिन्सन व त्याच्यासोबतचे काळे खेळाडू शहरातल्या एका साध्या हॉटेलात, वेगळे. हा नियम क्युबाच्या सरकारचा नव्हता. संघात वादावादी नको म्हणून रिकी यांनीच तसं ठरवलं होतं. ज्या गोष्टीपासून पळून ते हवानाला आले, ती गोष्ट त्यांच्याच सामानातून आली.

क्युबा म्हणजे तेव्हा समतेचा स्वर्ग होता, असाही याचा अर्थ काढू नका. व्यावसायिक लीग सर्वांना खुली होती, पण उच्चभ्रू क्लबांच्या हौशी लीगमध्ये काळ्या खेळाडूंना घेत नसत. पैशासाठी खेळायचं असेल तर या, सभ्य गृहस्थांच्या क्लबात मात्र येऊ नका, असा तो कारभार होता.

१५ एप्रिल १९४७ला रॉबिन्सन डॉजर्सकडून मैदानात उतरला आणि अमेरिकन खेळाचा इतिहास बदलला. त्या इतिहासाचा आधीचा एक तुकडा हवानात आहे.

एकाच मैदानाचे किती उपयोग!

फेब्रुवारी १९४९मध्ये या स्टेडियमवर पहिली कॅरिबियन सिरीज झाली. क्युबा, पनामा, प्वेर्तो रिको आणि व्हेनेझुएला या चार देशांचे विजेते संघ आले, आणि अल्मेन्दारेसनं एकही सामना न गमावता ती जिंकली. ही स्पर्धा मधल्या खंडानंतर आजही भरते.

१९५४मध्ये मादुरोनं 'हवाना शुगर किंग्ज' हा संघ काढला. साखर हे क्युबाचं मुख्य पीक, म्हणून हे नाव. हा संघ अमेरिकेच्या मुख्य लीगच्या अगदी खालच्या पायरीवर खेळत असे. मादुरोचं स्वप्न होतं की आणखी एक पायरी चढली, की हवाना न्यूयॉर्क आणि शिकागोच्या रांगेत बसेल.

पण देशात दुसरंच काही शिजत होतं. १९५२मध्ये बातिस्तानं लष्करी उठाव करून सत्ता बळकावली होती. ४ डिसेंबर १९५५ला सामना चालू असताना विद्यापीठाचे विद्यार्थी फलक घेऊन मैदानात घुसले. पोलिसांनी त्यांना तिथेच बेदम मारलं. सामना टीव्हीवर चालू होता, त्यामुळे मारहाण घराघरांत दिसली. वर्तमानपत्रांवर दडपण आणता येतं, पण चालू सामन्याचं प्रक्षेपण कसं झाकणार? विद्यार्थ्यांनी जागा नीट हेरून निवडली होती. संपूर्ण देश एकाच वेळी जिथे बघत असतो अशी ती एकच जागा होती.

१९५९: दाढीवाल्यांचा संघ

१ जानेवारी १९५९ला बातिस्ता पळाला आणि फिदेल कास्त्रोंची क्रांती यशस्वी झाली. २४ जुलै १९५९ला याच मैदानावर एक प्रदर्शनीय सामना झाला. एका बाजूला लष्करी पोलिसांचा संघ, दुसऱ्या बाजूला 'लोस बार्बुदोस', म्हणजे दाढीवाले. दाढीवाल्यांचे पिचर होते स्वतः कास्त्रो. क्रांतीतले दुसरे लाडके नेते कामिलो सिएनफुएगोस त्यांच्याच संघात होते.

इथे एक गैरसमज दूर करतो. अमेरिकेच्या एका मोठ्या संघानं तरुण कास्त्रोंची चाचणी घेतली होती आणि त्यांना घेतलं असतं तर क्रांतीच झाली नसती, अशी कथा फार फिरते. ऐकायला गोड आहे, पण तिला आधार नाही. इतिहासकारांनी ती कधीच खोडून काढली आहे. कास्त्रो खेळाचे शौकीन होते, मोठे पिचर नव्हते.

दुसऱ्याच रात्री शुगर किंग्ज आणि अमेरिकेचा रॉचेस्टर संघ यांचा सामना जादा डावांत गेला. घड्याळात बारा वाजले आणि २६ जुलै उजाडला. १९५३मध्ये कास्त्रोंनी पहिला सशस्त्र हल्ला केला तो हा दिवस. स्टेडियमच्या आत-बाहेर लोकांनी आनंदानं हवेत गोळ्या झाडायला सुरुवात केली. पण हवेत गेलेली गोळी खाली कुठेतरी पडतेच. एक गोळी रॉचेस्टरचे फ्रँक व्हर्डी यांच्या डोक्याला लागली. टोपीच्या आत कडक प्लास्टिकचं अस्तर होतं म्हणून ते वाचले. दुसरी गोळी हवानाचा खेळाडू लिओ कार्देनास याच्या खांद्याला चाटून गेली. सामना थांबवला गेला आणि रॉचेस्टरचा संघ उरलेली लढत न खेळताच परतला.

आणि तरीही त्याच वर्षी शुगर किंग्जनं आपला सर्वांत मोठा विजय मिळवला. दुय्यम लीगच्या विजेत्यांच्या अंतिम लढतीत त्यांच्यासमोर मिनिॲपोलिसचा संघ होता. तिकडे कडाक्याची थंडी पडली म्हणून दोन सामन्यांनंतर उरलेली सगळी लढत हवानाला हलवली. स्टेडियम खचाखच भरलं. कास्त्रो प्रेक्षकांत होते, बंदूकधारी सैनिक मैदानाच्या कडेला उभे होते. सातव्या आणि शेवटच्या सामन्यात शेवटच्या डावात धाव काढून हवाना ३-२ असा जिंकला.

तो शेवटचा आनंद ठरला. १९६०मध्ये क्युबानं अमेरिकन कंपन्यांची मालमत्ता ताब्यात घ्यायला सुरुवात केली, दोन्ही देशांचे संबंध फाटले, आणि जुलैमध्ये लीगनं मोसमाच्या मध्यावरच संघ उचलून न्यू जर्सीत, जर्सी सिटीला नेला. खेळाडू तेव्हा दौऱ्यावर होते. ज्या स्टेडियमवर ते काही महिन्यांपूर्वी विजेते झाले होते, तिथे 'घरचा संघ' म्हणून ते पुन्हा उतरले नाहीत.

नवं नाव, नवा मालक

१९६१मध्ये क्युबानं व्यावसायिक खेळच बंद केला. खेळाडू ही विकत घ्यायची वस्तू नाही, ही त्यामागची भूमिका. लाल, निळा, हिरवा, नारिंगी हे चारही संघ संपले. स्टेडियम सरकारजमा झालं आणि त्याला 'लातिनोअमेरिकानो' हे नाव मिळालं. १४ जानेवारी १९६२ला इथे हौशी खेळाडूंची पहिली राष्ट्रीय मालिका सुरू झाली. थोड्याच काळात हवानाचा नवा संघ आला, 'इंदुस्त्रियालेस', म्हणजे उद्योगांतले कामगार. रंग निळा! जुन्या अल्मेन्दारेसच्या चाहत्यांना निदान रंग तरी परत मिळाला.

१९७१मध्ये स्टेडियम वाढवून सुमारे ५५ हजार आसनांचं केलं गेलं. त्या वर्षीची हौशी जागतिक स्पर्धा इथे झाली आणि क्युबा जिंकला. आधी खेळ पाहायला तिकीट काढावं लागे, आता प्रवेश फुकट झाला. ज्या हौशी खेळात काळ्यांना जागा नव्हती, तो आता सर्वांना खुला झाला. पुढे १९९२, १९९६ आणि २००४ची ऑलिंपिक सुवर्णपदकं क्युबानं जिंकली. या गोष्टी खऱ्या आहेत, आणि त्यांचं मोल कमी करायचं कारण नाही.

पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. बॉबी मादुरो सगळं गमावून मायामीला गेला. तिथल्या एका बेसबॉल स्टेडियमला १९८७मध्ये त्याचं नाव दिलं गेलं, आणि २००१मध्ये ते स्टेडियमही पाडलं गेलं. त्यानं हवानात बांधलेलं मात्र उभं आहे, त्याच्या नावाशिवाय.

आणि खेळाडू? जगातले उत्तम खेळाडू सरकारी पगारावर खेळत होते, आणि फक्त दीडशे किलोमीटरवर, समुद्रापलीकडे, त्याच कौशल्याला कोट्यवधी डॉलर मिळत होते. देश सोडला तर खेळाडू देशद्रोही ठरत असे. इंदुस्त्रियालेसचा पिचर ओर्लांदो एर्नांदेस, टोपणनाव 'एल दुके', याचं उदाहरण घ्या. त्याचा सावत्र भाऊ लिव्हान १९९५मध्ये देश सोडून गेला. १९९६मध्ये अधिकाऱ्यांनी ओर्लांदोवर क्युबात खेळायला कायमची बंदी घातली. त्यानं काही गुन्हा केला नव्हता. तोही जाईल, असा संशय होता. १९९७च्या डिसेंबरमध्ये तो खरंच बोटीनं निघाला आणि १९९८मध्ये न्यूयॉर्क यांकीजकडून विजेता झाला. संशयानं घातलेल्या बंदीनंच तो संशय खरा करून दाखवला.

हा मला या गोष्टीतला सर्वांत दुखरा भाग वाटतो. १९४६मध्ये अमेरिकन बेसबॉलनं आपल्या खेळाडूंना सांगितलं, 'दुसरीकडे खेळलात तर परत येऊ नका.' पन्नास वर्षांनी क्युबाच्या सरकारनं आपल्या खेळाडूंना तेच सांगितलं. एकीकडे बाजार, दुसरीकडे क्रांती. वाक्य मात्र एकच.

दोन भेटी

२८ मार्च १९९९ला बाल्टिमोर ओरिओल्स हा अमेरिकन संघ इथे आला. मुख्य लीगचा संघ क्युबात खेळत होता तो चाळीस वर्षांनी. कास्त्रोंच्या साक्षीनं झालेला हा सामना अकराव्या डावापर्यंत गेला आणि बाल्टिमोर ३-२ असा जिंकला. मे महिन्यात परतीच्या सामन्यात क्युबानं त्यांना त्यांच्याच घरी १२-६ असं हरवलं.

मग २२ मार्च २०१६. राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा हवानात होते. ८८ वर्षांत प्रथमच पदावरचा अमेरिकन राष्ट्राध्यक्ष क्युबात आला होता. टॅम्पा बे रेज विरुद्ध क्युबा असा सामना झाला, आणि ओबामा आणि राउल कास्त्रो शेजारी बसून तो पाहत होते. प्रेक्षक मात्र निमंत्रित होते. सेर्रोतल्या नेहमीच्या चाहत्याला तिकीट काढून आत जाता येत नव्हतं. रेज ४-१ असे जिंकले.

त्या दिवशीच्या दोन माणसांकडे मला तुमचं लक्ष वेधायचं आहे. रेजच्या फलंदाजीची सुरुवात करायला उतरला दायरोन व्हारोना. हा क्युबाचाच मुलगा, २०१३मध्ये देश सोडून गेलेला. ज्या खेळाडूंची नावंही तिथे घेतली जात नसत, त्यांच्यातला एक पाहुण्यांच्या पोशाखात घरी परतला होता. आणि प्रेक्षकांत बसल्या होत्या रेचल रॉबिन्सन, जॅकी रॉबिन्सनच्या पत्नी. ६९ वर्षांपूर्वी ज्या शहरात त्यांच्या पतीला वेगळ्या हॉटेलात ठेवलं होतं, त्याच शहरात त्या अमेरिकेच्या पहिल्या काळ्या राष्ट्राध्यक्षासोबत सामना पाहत होत्या.

असं वाटलं, की आता सगळं सुरळीत होईल. डिसेंबर २०१८मध्ये करारही झाला, की क्युबन खेळाडूंनी देश न सोडता, कायदेशीरपणे अमेरिकन संघांशी करार करावेत. एप्रिल २०१९मध्ये अमेरिकेच्या नव्या सरकारनं तो मोडीत काढला. दार उघडलं आणि चार महिन्यांत बंद झालं.

मग मैदान कुणाचं?

सुरुवातीचं वाक्य आठवा. 'खेळात राजकारण आणू नका.' हे म्हणणाऱ्याचा हेतू बहुतेक वेळा चांगलाच असतो. पण एल लातिनोची गोष्ट वाचताना मला जाणवलं, की प्रश्न 'राजकारण आणायचं की नाही' हा नाहीच. पन्नास हजार माणसं जिथे जमतात, तिथे ते आधीच आलेलं असतं. कोण खेळणार, कुठल्या हॉटेलात राहणार, तिकीट कुणाला मिळणार, कुणाचं नाव भिंतीवर राहणार आणि कुणाचं पुसलं जाणार, हे सगळं राजकारणच आहे. म्हणून विचारायचा प्रश्न असा, की या निर्णयांत खेळाडूला आणि प्रेक्षकाला काही विचारलं जातं का?

हवानात एक बाग आहे, पार्के सेंत्राल. तिच्या एका कोपऱ्याला 'एस्किना कालिएंते', म्हणजे गरम कोपरा म्हणतात. तिथे माणसं जमतात आणि तावातावानं भांडतात, फक्त बेसबॉलवर. अमुक पिचरला आधीच का बदललं नाही, अमुक चेंडू झेलायला हवा होता. मालक बदलले, नाव बदललं, झेंडे बदलले, खेळाडू गेले, काही परत आले. हे भांडण मात्र कुणी बंद करू शकलं नाही.

मैदान कुणाचं, असं मला कुणी विचारलं, तर मी त्या कोपऱ्याकडे बोट दाखवीन.

आज इथेच थांबतो. पुढच्या भागात भेटू. नमस्कार.